मोरीचे पाणी झाडांना देताना

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टुसॉन नावाचे शहर आहे. तिथे वर्षाला सरासरी 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शहराचे बरेचसे पाणी कोलोरॅडो नदीतून येते, तेही 336 मैलांच्या कालव्याने आणि वाटेत पंपांनी आठशे मीटरहून अधिक उंच चढवून. इतक्या खटाटोपाने आलेल्या पाण्याने अंघोळ करायची, ते गटारात सोडायचे आणि बागेतल्या लिंबाला पुन्हा पिण्याचेच पाणी घालायचे, हे तिथल्या बऱ्याच लोकांना पटत नव्हते. ‘वॉटर कासा’ या पाणी बचतीसाठी काम करणाऱ्या संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ॲरिझोनात पाहणी केली. तेव्हा सुमारे 13 टक्के घरे वॉशिंग मशीनचे किंवा न्हाणीघराचे पाणी बागेत वळवत असल्याचे दिसले. परवाना जवळजवळ कोणाकडेच नव्हता, कारण तो मिळवण्याची वाटच फार किचकट होती.

अशा वेळी सरकारसमोर दोन मार्ग असतात. एक म्हणजे या घरांना नोटिसा पाठवायच्या. दुसरा म्हणजे लोक पाळू शकतील असा नियम लिहायचा. ॲरिझोनाने दुसरा मार्ग घेतला. 2001 पासून तिथे दिवसाला 400 गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण 1500 लिटरपेक्षा कमी असे पाणी बागेत वळवणाऱ्या घराला अर्ज करावा लागत नाही, फी भरावी लागत नाही आणि तपासणीसाठी कोणी येत नाही. अट एकच, ठरवून दिलेली पथ्ये पाळायची. ती सगळी मिळून जेमतेम पानभर आहेत. घरगुती ग्रे वॉटरबद्दल, म्हणजे अंघोळीच्या-कपड्यांच्या वापरलेल्या पाण्याबद्दल, मी वाचलेल्या नियमांमध्ये मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण यातल्या जवळजवळ प्रत्येक पथ्यामागचे कारण सामान्य माणसाला समजावून सांगता येते. आणि कारण समजलेले माणूस पथ्य मोडत नाही.

यात कोणते पाणी धरायचे ते आधी पाहू. अंघोळीचे, हात धुण्याच्या बेसिनचे आणि कपड्यांचे पाणी चालते. संडासाचे पाणी अर्थातच नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकचेही नाही, आणि हे अनेकांना खटकते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आपण कुंड्यांना घालतोच की! ते वेगळे भांड्यात काढून लगेच घातले तर काहीच बिघडत नाही. सिंकच्या पाइपातून मात्र त्याबरोबर तेल, खरकटे आणि मांस-मासे धुतलेले पाणीही येते. तेलाचा थर मातीची छिद्रे बुजवतो आणि अन्नकणांवर जिवाणू भराभर वाढतात. ॲरिझोना विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी टुसॉनमधल्या घरांचे पाणी तपासले, तेव्हा सिंकचे पाणी मिसळणाऱ्या घरांत विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण जास्त आढळले. लहान मुले असलेल्या घरांतही ते जास्त होते. म्हणूनच बाळाचे लंगोट किंवा तसे मळलेले कपडे धुतलेले पाणी निर्जंतुक केल्याशिवाय बागेत सोडायचे नाही, असे पथ्य आहे.

आता साठवणुकीबद्दल, कारण आपल्याकडे सर्वाधिक चूक इथेच होते. पाणी वाचवायचे म्हटले की आपल्याला आधी टाकी आठवते. पावसाच्या पाण्यासाठी ते ठीकच आहे. मोरीच्या पाण्यात मात्र साबण, अंगाचा मळ, केस, तेल आणि त्वचेचे कण असतात. हा सगळा जिवाणूंचा खुराक. आपल्या हवामानात एक लिटर पाण्यात साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, आणि तेवढ्याच पाण्यातला मळ पूर्ण कुजवायला शंभर-दोनशे मिलिग्रॅम तरी लागतो. त्यामुळे टाकीतला ऑक्सिजन काही तासांतच संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. धुण्याच्या पावडरीत भर म्हणून सोडियम सल्फेट घातलेले असते. त्यातल्या सल्फेटपासून हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि टाकीचे झाकण उघडले की सडक्या अंड्यांचा वास येतो. रोगजंतूंची सूचना देणारे कोलिफॉर्म जिवाणूसुद्धा साठवलेल्या पाण्यात पहिल्या दोन दिवसांत दहापट ते शंभरपट वाढू शकतात. म्हणून बहुतेक तज्ज्ञ सांगतात की हे पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये. ॲरिझोनाच्या नियमात साठवणीवर बंदी नाही, पण टाकी असलीच तर ती डासांना आणि माणसांना शिरता येणार नाही अशी झाकलेली हवी. माझे मत विचाराल तर घरगुती वापरासाठी टाकी बांधूच नये. पाणी निर्माण झाले त्याच दिवशी जमिनीत गेले पाहिजे.

जमिनीत गेल्यावर चित्र पालटते. मातीच्या वरच्या फूटभर थरात हवा खेळती असते आणि तिथे कोट्यवधी जिवाणू, बुरशी आणि गांडुळे राबत असतात. टाकीत कुजणारा तोच मळ इथे विघटित होऊन झाडाचे अन्न बनतो. अट एवढीच की माती सतत चिंब राहता कामा नये. छिद्रांत हवेऐवजी पाणीच भरून राहिले तर तिथेही टाकीसारखीच स्थिती होते.

पाणी फवारायचे नाही, या पथ्याचे कारणही असेच. स्प्रिंकलरचे बारीक तुषार हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जाऊ शकतात, शिवाय पानांवर आणि फळांवर बसतात. पाणी मुळाशी, आळ्यात सोडायचे. ॲरिझोनात हे पाणी जमिनीवरून देणार असाल तर खाण्याच्या पिकांना चालत नाही. अपवाद फक्त लिंबूवर्गीय फळझाडांचा आणि कठीण कवचाच्या फळांच्या झाडांचा. फळ जमिनीपासून उंच लागते आणि साल किंवा कवच काढूनच खाल्ले जाते, असा त्यामागचा विचार आहे. या तर्काने आपल्याकडचे नारळ, केळी, आंबा आणि शेवगा बसतात. कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर बसत नाहीत.

आता ॲरिझोनाच्या पानभर नियमात नसलेल्या, पण महाराष्ट्रात सर्वांत आधी सांगायला हवी अशा गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे सोडियम.

कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, भरपूर असतो. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती सूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली असते. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दुहेरी धनभार असल्याने तो दोन पापुद्र्यांना जवळ धरून ठेवतो आणि त्यांचे रवाळ कण बनतात. कणांमधल्या पोकळीतून हवा-पाणी जाते. सोडियमवर एकेरी भार असतो आणि तो भोवती पाण्याचे जाड वेष्टण घेऊन वावरतो. त्याने कॅल्शियमची जागा घेतली की पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, कण फुटतात आणि बारीक गाळ छिद्रांत जाऊन बसतो. सोड्यातला कार्बोनेट आणखी एक नुकसान करतो. तो मातीतल्या कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बांधून टाकतो, म्हणजे माती धरून ठेवणारा आयनच कमी होतो. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. उसाच्या पट्ट्यात अति पाण्याने चोपण झालेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती सुधारायला किती वर्षे जातात हे ठाऊक आहे.

हे दुखणे उघडे पडते ते पावसाळ्यात. साबणाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, तोवर पापुद्रे थोडेफार एकत्र राहतात. पावसाचे शुद्ध पाणी पडले की क्षार पातळ होतात आणि सोडियमने सैल झालेली माती एकदम विरते. वर चिखलाची साय धरते, वाळल्यावर तिची पपडी होते आणि पाणी वरच साचून राहते. उन्हाळाभर पाणी घालून जगवलेले झाड पहिल्या मोठ्या पावसानंतर पिवळे पडते आणि घरातल्यांना कारण कळत नाही.

साबणातला दुसरा त्रासदायक घटक म्हणजे बोरॉन. काही डाग काढणाऱ्या पावडरींत आणि बोरॅक्समध्ये तो असतो. झाडाला तो अगदी थोडा लागतो. पाण्यात लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅमच्या पुढे गेला की लिंबूवर्गीय झाडांची जुनी पाने टोकाकडून आणि कडांनी करपू लागतात. याशिवाय कपड्यांचे पाणी बरेच अल्कधर्मी असते, त्याचा सामू (pH) 9 ते 10 पर्यंत जातो. आम्लधर्मी माती लागणाऱ्या गार्डेनियासारख्या फुलझाडांना ते देऊ नये. उपाय अवघड नाहीत. पावडरीऐवजी लिक्विड घेतले तर सोडियम सहसा कमी होतो. ब्लीच वापरले त्या दिवशी पाणी गटारात सोडावे. अंघोळीचे पाणी कपड्यांच्या पाण्यापेक्षा सौम्य असते, तेव्हा निवड करायची झाली तर आधी ते वळवावे.

किती पाणी कुठे घालायचे याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले की त्याची उंची बरोबर एक मिलिमीटर भरते. मशीनची एक खेप 60 लिटरची धरली आणि ते सगळे एका चौरस मीटरच्या आळ्यात गेले, तर तिथे 60 मिलिमीटर पाणी उभे राहील. वाळूमिश्रित पोयट्याची जमीन तासाला 20 ते 30 मिलिमीटर पाणी पिते, तिथे ते दोन-तीन तासांत मुरेल. भारी काळी जमीन तासाला 1 ते 5 मिलिमीटरच पिते. तिथे तेच पाणी किमान अर्धा दिवस, कदाचित दोन दिवससुद्धा तुंबेल. पाणी साचू देऊ नका, हे ॲरिझोनाचे पथ्य इथे आकड्यांत उतरते. काळ्या जमिनीत एका खेपेला चार-पाच आळी हवीत आणि ती आलटून पालटून भरली पाहिजेत.

पाणी बागेपर्यंत न्यायची सर्वांत सोपी रचना मला कॅलिफोर्नियात सापडते. तिथे 2009 च्या ऑगस्टमध्ये, दुष्काळ चालू असतानाच, मूळ नळकाम न कापता वॉशिंग मशीनचे पाणी बागेत नेण्याला परवान्यातून सूट मिळाली. आर्ट लुडविग या डिझायनरने यासाठी मांडलेली रचना अशी आहे: मशीनच्या पाण्याची नळी तीन तोंडांच्या व्हॉल्व्हला जोडायची. एक वाट गटाराकडे, दुसरी बागेकडे. बागेकडचा पाइप इंचभर व्यासाचा, आणि त्यातून निघणारी तोंडे झाडांभोवतीच्या आळ्यांत. आळ्यात लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा जाड पसरायचा, कारण पाणी किमान दोन इंच आच्छादनाखाली सोडायचे असा नियम आहे. त्यामुळे माणसाचा, पाळीव प्राण्याचा किंवा डासाचा त्या पाण्याशी संपर्कच येत नाही. ढकलायचे काम मशीनचा स्वतःचा पंप करतो. फिल्टर नाही, टाकी नाही. ठिबकच्या बारीक तोट्या इथे मुद्दाम टाळल्या आहेत, कारण कपड्यांचे तंतू आणि केस त्या बुजवून टाकतात. दर आठवड्याला फिल्टर धुवावा लागणारी रचना घराघरांत टिकत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. पिण्याच्या नळाशी या पाइपाचा कुठेही जोड नको, आणि त्यावर ठळक खूण हवी, म्हणजे पुढे येणारा प्लंबर फसणार नाही.

कोकणात न्हाणीच्या मागे अळू, केळी आणि कर्दळ लावायची पद्धत जुनी आहे आणि ती या बहुतेक पथ्यांत बसते. पाणी साठवले जात नाही, फवारले जात नाही, थेट मुळाशी जाते. जांभ्याच्या जमिनीत ते मुरतेही पटकन. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली, त्याचे मोठे यश म्हणजे डास कमी झाले. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. शोषखड्ड्याने पाणी मुरते. त्याच पाण्याची आधी झाडांवरून वाट काढली तर सावली आणि फळेही मिळतात. आपल्या बांधकाम नियमावलीत मोठ्या गृहसंकुलांनी सांडपाणी पुन्हा वापरावे अशी तरतूद आहे आणि ती हवीच. पण तालुक्याच्या गावात चार खणांचे घर आणि मागे दोन गुंठे जागा असलेल्या माणसाला प्रक्रिया यंत्रणा नको असते. त्याला मराठीतला एक पानभर नियम हवा असतो. नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी तो घरपट्टीच्या बिलामागे छापावा असे मला मनापासून वाटते.

त्या पानावर एक घरगुती चाचणी जरूर असावी. मोरीचे पाणी जाते त्या आळ्यातले सुपारीएवढे कोरडे ढेकूळ घ्या आणि काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. ढेकूळ नुसते फुटून तळाशी ढिगारा झाला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर माती ठीक आहे. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधट ढग पसरलेला दिसला, तर सोडियम वाढला आहे असे समजावे. मग त्या आळ्यात जिप्सम, म्हणजे मातीला कॅल्शियम देणारे खनिज, मिसळावे, कपड्यांचे पाणी तिथून काढून दुसरीकडे वळवावे आणि पावडर बदलावी. मृगाचा पाऊस सुरू झाला की व्हॉल्व्ह गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे फिरवायचा आणि ऑक्टोबरच्या उन्हात माती वरून सुकू लागली की पुन्हा बागेकडे. तो फिरवण्याआधी, दरवर्षी, प्रत्येक आळ्यातले एक ढेकूळ पेल्यात टाकून पाहावे.