अँटिव्हायरसने टोरेंट पकडला? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

(आमच्या दुकानातल्या आणि एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“टोरेंटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि लगेच लाल चौकट आली. मशीनमध्ये स्पायवेअर शिरलं का?” असे फोन आम्हाला वरचेवर येतात. (टोरेंट म्हणजे मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी अनेकांकडून घ्यायची पद्धत, आणि स्पायवेअर म्हणजे गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्राम.) काही जण इतके धास्तावतात की सीपीयू काखोटीला मारून थेट दुकानात येतात आणि “फॉरमॅटच मारा” म्हणतात. काही जण अगदी उलट. “टोरेंट म्हटलं की तो ओरडतोच” म्हणत अँटिव्हायरसच बंद करून मोकळे होतात. फॉरमॅटचे पैसे आम्हालाच मिळतात, तेव्हा पहिल्या मंडळींबद्दल आम्ही तक्रार करू नये, पण पुष्कळदा त्याची काहीच गरज नसते. दुसऱ्या मंडळींचं मशीन पुढे कधीतरी आमच्याकडे येतं तेव्हा गरज असते, पण डेटा वाचवायची वेळ निघून गेलेली असते.

निरुपद्रवी फाइल स्पायवेअर किंवा व्हायरस म्हणून पकडली गेली की आम्ही तिला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा प्रकार. टोरेंटच्या बाबतीत अडचण अशी, की चोर, संन्यासी आणि या दोघांच्या मधले, असे तिघेही एकाच लाल चौकटीत उभे दिसतात.

चौकटीतलं नाव

विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसने काही पकडलं की ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये त्याची नोंद राहते. कुठलंही बटण दाबण्याआधी तिथलं नाव वाचा. स्क्रीनवर ते इंग्रजी अक्षरांत असेल.

नाव ‘पीयूए’ने (पोटेन्शियली अनवाँटेड ॲप्लिकेशन) सुरू होत असेल, तर मायक्रोसॉफ्टचं म्हणणं एवढंच की हे सॉफ्टवेअर तुम्हाला बहुधा नको असेल. हा व्हायरस आहे, असं ती म्हणत नाही. यूटोरेंट या टोरेंट प्रोग्रामवर हा शिक्का बऱ्याचदा दिसतो. मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटिव्हायरसमध्ये त्याच अर्थाने ‘पीयूपी.ऑप्शनल’ येतं. कॅस्परस्की तर अशा नावाआधी सरळ ‘नॉट-अ-व्हायरस’ लिहिते. तरीही लोक घाबरतात, कारण लाल रंगाच्या पुढे कुणी वाचतच नाही.

यात एक गंमत आहे. मायक्रोसॉफ्टने पीयूएचे जे प्रकार ठरवलेत, त्यात ‘टोरेंट सॉफ्टवेअर’ असा वेगळा प्रकारच आहे आणि तो फक्त कंपन्यांच्या मशीनना लागू होतो. म्हणजे तोच प्रोग्राम घरी मुकाट चालतो आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर पकडला जातो. फाइल तीच, एक बाइटही बदललेला नसतो. तुमचा लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हा विषय तुमच्या आयटीवाल्यांचा. तिथे आम्ही काहीही ‘अलाऊ’ करून देत नाही, कृपया आग्रह करू नका. घरच्या विंडोजवरही पीयूए अडवायची सोय ऑगस्ट २०२१ पासून आपोआप चालू व्हायला लागली. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं सॉफ्टवेअर एखाद्या अपडेटनंतर अचानक गुन्हेगार ठरतं, ते यामुळेही.

दुसऱ्या तऱ्हेचं नाव असं दिसतं: ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’. ट्रोजन म्हणजे कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्राम. यात शेपटी महत्त्वाची. उद्गारचिन्हापुढचं ‘एमएल’ म्हणजे मशीन लर्निंग. आधी पाहिलेल्या वाईट फाइलींशी हिचं साम्य वाटलं म्हणून अंदाजाने पकडली, एवढाच त्याचा अर्थ. इतर कंपन्यांच्या नावांत ‘जेन’, ‘जेनेरिक’, ‘ह्युर’ असे तुकडे दिसतात, तेही अंदाजाचेच. एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती नुकतीच आलेली असते, जगात फार थोड्यांनी उतरवून घेतलेली असते, तेव्हा हे अंदाज जास्त चुकतात. मात्र अंदाज आहे म्हणून तो खोटा, असं धरून चालू नका. याच नावाखाली खरे ट्रोजनही पकडले जातात.

नावाइतकाच महत्त्वाचा असतो नावाखाली दिलेला फाइलचा पूर्ण रस्ता (पाथ), म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे ते. पुष्कळदा टोरेंटचा प्रोग्राम पकडलेलाच नसतो, पकडलेली असते ती त्यातून उतरवलेली फाइल. रस्ता ‘प्रोग्राम फाइल्स’मधला असेल तर गोष्ट वेगळी आणि ‘डाउनलोड्स’मध्ये ‘सेटअप’ किंवा ‘कीजेन’ (बनावट लायसन्स की बनवणारा प्रोग्राम) नावाच्या फाइलपाशी संपत असेल तर वेगळी.

संशय टोरेंटवरच का

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरेंट काढलं, त्याची कल्पना साधी आहे. मोठी फाइल एकाच सर्व्हरवरून न घेता तुकड्या-तुकड्यांनी अनेकांकडून घ्यायची आणि आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना द्यायचे. लिनक्सच्या आयएसओ फाइली, लिबरऑफिस, इंटरनेट आर्काइव्हवरचा साठा हे सगळं टोरेंटने मिळतं आणि त्यात बेकायदा काही नाही.

पण हे काम करायला प्रोग्राम काय काय करतो बघा. राउटरला सांगून बाहेरून आत यायला पोर्ट, म्हणजे एक दार, उघडून घेतो. शेकडो अनोळखी आयपी पत्त्यांशी बोलतो. विंडोजबरोबर आपोआप सुरू होतो, रात्रभर डेटा बाहेर पाठवत राहतो, अपडेटही स्वतःच आणतो. सोसायटीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री-अपरात्री अनोळखी माणसं पिशव्या घेऊन येत-जात असतील, तर वॉचमन रजिस्टर काढणारच. त्या घरी खानावळ आहे हे त्याला कुठे ठाऊक असतं? स्पायवेअरही नेमक्या याच गोष्टी करतं. नुसत्या वागणुकीवरून दोघांना वेगळं काढणं सोपं नाही.

भर म्हणून, मोफत टोरेंट प्रोग्राम बनवणारे बरेच जण हौशी स्वयंसेवक असतात. फाइलवर डिजिटल सही करायचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं, मुदत संपली की पुन्हा पैसे. ते परवडत नाही म्हणून फाइल बिनसहीची राहते आणि विंडोज ‘अननोन पब्लिशर’ दाखवतं. काही फाइली आकार कमी करायला यूपीएक्ससारख्या पॅकरने दाबलेल्या असतात. व्हायरस लिहिणारेही आतला मजकूर लपवायला पॅकरच वापरतात. स्कॅनरला दोन्ही पुडकी बाहेरून सारखीच दिसतात.

काझाचा वारसा

स्कॅनर बनवणाऱ्यांचा हा राग अगदीच बिनबुडाचा नाही. २००१ नंतर काझा हे एकमेकांत फाइली वाटायचं सॉफ्टवेअर जोरात होतं, तेव्हा त्याच्याबरोबर सायडोर नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर यायचं. लोक ॲड-अवेअर हा सफाईचा प्रोग्राम चालवून ते काढायचे आणि काझाच बंद पडायचं, कारण ‘सीडी_क्लिंट.डीएलएल’ ही सायडोरची फाइल सापडल्याशिवाय ते सुरूच होत नसे. मग काझा लाइट ही काझाची जाहिरातमुक्त आवृत्ती बनवणाऱ्यांनी त्याच नावाची पोकळ, काहीही न करणारी फाइल बनवून तिथे ठेवली. नुसत्या नावावर जाणारा स्कॅनर तिलाही धरणार, हे उघड आहे. इथे फाइलमध्ये दोष शून्य, आणि तरी नाव मात्र खऱ्या गुन्हेगाराचं!

यूटोरेंटचं प्रकरण त्यामानाने अलीकडचं. मार्च २०१५ मध्ये त्याच्या सेटअपबरोबर एपिक स्केल नावाचा प्रोग्राम येत असल्याचा बोभाटा झाला. तो तुमच्या मशीनच्या ताकदीवर लाइटकॉइन हे आभासी चलन खणायचा, म्हणजे कमवायचा. कंपनी म्हणाली, वापरणाऱ्याने होकार दिला तरच तो बसतो. पुढे तो काढून टाकला गेला. सेटअपमध्ये ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जाण्याची आपली सवय पाहता त्या होकाराची किंमत काय, ते तुम्हीच ठरवा. आमच्या मते यूटोरेंटवरचा पीयूए शिक्का ‘फॉल्स’ म्हणण्याजोगा नाही. तो व्हायरस नाही हेही खरं. आम्ही स्वतः ग्राहकांना क्यूबिटटोरेंट टाकून देतो, कारण त्यात जाहिराती आणि जोडसामान नाही.

अंदाजाने नव्हे, तर नेमक्या व्हायरसचं नाव घेऊन पकडलं तरी चूक होते का? होते. २१ एप्रिल २०१० ला मॅकाफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही स्वतःची सिस्टिम फाइलच व्हायरस म्हणून पकडली आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. ३० सप्टेंबर २०११ ला मायक्रोसॉफ्टने गुगल क्रोमला झेडबॉट हा बँकेचे पासवर्ड चोरणारा ट्रोजन ठरवलं. २०१२ च्या सप्टेंबरात सोफोसने तर स्वतःच्याच अपडेटरला पकडलं. अशा चुका कंपन्या लगेच सुधारतात, म्हणून पकडलेली फाइल ताबडतोब कायमची डिलीट करू नका.

चोर खरा असतो तेव्हा

मार्च २०१६ मध्ये मॅकवरच्या ट्रान्समिशन या चांगल्या, नावाजलेल्या टोरेंट प्रोग्रामच्या अधिकृत साइटवरच कुणीतरी २.९० आवृत्तीची भेसळ केलेली प्रत चढवली. आत ‘जनरल.आरटीएफ’ नावाची फाइल होती. दिसायला लिखाणाची, पण प्रत्यक्षात चालणारा प्रोग्राम. तिच्यावर ॲपलची वैध सहीसुद्धा होती, फक्त ती नेहमीच्या डेव्हलपरची नव्हती. केरेंजर नावाचं हे खंडणीखोर सॉफ्टवेअर तीन दिवस गप्प बसायचं आणि मग सगळ्या फाइलींना कुलूप लावून एक बिटकॉइन मागायचं. पहिल्या दिवशी ज्याला वाटलं असेल “चालतंय की व्यवस्थित”, त्याला चौथ्या दिवशी कळलं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, मीडियागेट या टोरेंट प्रोग्रामच्या अपडेटमध्येच विष कालवलं गेलं आणि मार्चमध्ये त्यातून डोफॉइल नावाचा ट्रोजन पसरला. तेव्हा डिफेंडर ओरडला तो बरोबर ओरडला होता. “टोरेंट आहे, ओरडणारच” म्हणून ज्यांनी ‘अलाऊ’ दाबलं असेल, त्यांची मशीन दुसऱ्या कुणासाठी तरी क्रिप्टोकरन्सी खणत बसली.

आणि आता आमचा खरा राग. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून वाटलेल्या, सॉफ्टवेअरबरोबर एक ‘रीडमी’ फाइल येते. त्यात लिहिलेलं असतं: अँटिव्हायरस बंद करा, फॉल्स पॉझिटिव्ह येतो. फोटोशॉपचा क्रॅक, टॅलीचा क्रॅक, मराठी फॉण्टचा क्रॅक, सगळीकडे हेच वाक्य. क्रॅक प्रोग्रामची मोडतोड करतो म्हणून पकडला जातो, इथपर्यंत त्याचं म्हणणं खरं असू शकतं. पण त्याच पुडीत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम असेल तर रीडमी लिहिणारा तुम्हाला ते सांगेल का? चोरानेच ‘कुत्रा उगाच भुंकतो, बांधून ठेवा’ म्हणायचं आणि आपण बांधायचं! क्रॅकवर आलेला इशारा आम्ही कधीही फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून सोडून देत नाही. ज्या मशीनवर नेटबँकिंग किंवा जीएसटीचं काम होतं, तिथे तर नाहीच.

इशारा आला तर

फाइल क्वारंटाइनमध्येच, म्हणजे अँटिव्हायरसने अडकवून ठेवली आहे तिथेच, पडू द्या. तिथून ती चालू होऊ शकत नाही, तेव्हा घाई कसलीच नाही. मग फाइल कुठून आणली ते आठवा. प्रोग्राम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून (क्यूबिटटोरेंटची साइट डॉट ऑर्ग आहे), की गुगलवर ‘जाहिरात’ लिहिलेली वरची लिंक दाबून? दुसरं असेल तर पुढची चौकशी करू नका, डिलीट करा आणि मूळ ठिकाणाहून नवी घ्या.

मूळ ठिकाणची फाइल असूनही इशारा आला, तर हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, पडताळा. मशीनमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’मधून ‘एसएचए-२५६’ निवडा. ६४ अक्षरांची ओळ येईल. बनवणाऱ्याच्या साइटवर दिलेल्या ओळीशी ती तंतोतंत जुळली, तर फाइल वाटेत बदललेली नाही. साइटवरच घुसखोरी झाली असेल तर हे पुरेसं नाही, हे ट्रान्समिशनने दाखवलंच आहे. म्हणून दोन-तीन दिवस थांबून अँटिव्हायरस अपडेट करून पुन्हा स्कॅन करा. खोटा इशारा बहुतेक वेळा तोवर मागे घेतलेला असतो आणि खरा असेल तर आणखी कंपन्यांनी तो पकडलेला असतो.

व्हायरसटोटल ही गुगलच्या मालकीची साइट एकच फाइल साठ-सत्तर स्कॅनरकडून तपासून देते. तिथे दोन-तीन अनोळखी स्कॅनरनी ‘जेनेरिक’ म्हटलं आणि बाकी सगळे गप्प असतील, तर आम्ही सहसा निश्चिंत होतो. अगदी ताजी फाइल असेल तर मात्र गप्प राहणाऱ्यांनी ती अजून पाहिलेलीच नसते. व्हायरसटोटलवर टोरेंटचा सेटअप खुशाल टाका, पण टॅलीचा बॅकअप, आधारची कॉपी, ग्राहकांच्या याद्या चुकूनही टाकू नका. टाकलेल्या फाइली जगभरच्या सुरक्षा कंपन्यांना बघता येतात.

सगळं तपासून प्रोग्राम निर्दोष ठरला तर एक्सक्लुजन, म्हणजे स्कॅनमधून सूट, द्या, पण फक्त त्या एका ‘.ईएक्सई’ला. लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणाऱ्या एका स्टुडिओत आम्हाला अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये सापडला, “एडिटिंग फास्ट होतं म्हणून”. टोरेंटच्या डाउनलोड फोल्डरला तर एक्सक्लुजन कधीच देऊ नका. प्रोग्रामवर विश्वास ठेवला म्हणून त्यातून येणाऱ्या प्रत्येक फाइलवर ठेवायचा नसतो. शिवाय अँटिव्हायरस कंपनीला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ कळवायचा फॉर्म भरा. पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्यानंतरच्यांचा त्रास वाचतो.

शेअरइट आणि झेंडर या फाइल पाठवायच्या ॲपबद्दलही विचारणा होते. ती दोन्ही २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होती. जुन्या लॅपटॉपवर अजून राहिली असतील तर इशारा खरा की खोटा या वादात न पडता काढून टाका. एकाच वायफायवरच्या मशीनमध्ये फाइल पाठवायला लोकलसेंड मोफत आहे, आम्ही टाकून देतो.

आमच्याकडे काय पाठवायचं

प्रोटेक्शन हिस्टरीचा फोटो काढा. त्यात नाव आणि पूर्ण रस्ता दोन्ही दिसले पाहिजेत, नुसती लाल चौकट नको. फाइल कुठून आणली, ती एकदा तरी चालवली का, हे लिहून आमच्या नेहमीच्या व्हॉट्सॲप नंबरवर टाका. चालवली असेल आणि त्यानंतर ब्राउझर आपोआप उघडतोय किंवा मशीन तापतंय असं काही दिसत असेल, तर नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला आणि मगच फोन करा. खात्यातून पैसे गेले असतील तर आमच्या आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. नुसता इशारा बघून सांगायचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही, एएमसी असो वा नसो. पकडलेली फाइल मात्र मेलने पाठवू नका. जीमेल ‘.ईएक्सई’ अडवतं, झिप करून पाठवली तरी अडवतं. फाइलचं नाव आणि हॅशची ओळ आम्हाला पुरते.