तुटलेला काजूगर आणि पगाराची तारीख

डब्ल्यू-३२० प्रतीच्या काजूत एका पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, ३०० ते ३२० अख्खे गर बसतात. हाच गर सोलताना दुभंगला की पाकळीत जातो, आणखी मोडला की तुकड्यात, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. चार-साडेचार किलो काजू बीतून जेमतेम किलोभर गर निघतो. त्यामुळे मोडतोड थोडी जरी वाढली तरी वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडच्या कारखानदाराचा हिशेब बिघडतो. सुरी कुठे लावायची, किती दाबायची, हे सोलणाऱ्या बाईची बोटं ठरवतात. यंत्रं आली, तरी यंत्रात न सुटलेली साल शेवटी हातानेच काढावी लागते.

मंदीत मालकाचं लक्ष बाजारभावाकडे, बँकेच्या हप्त्याकडे आणि गोदामात पडून राहिलेल्या मालाकडे असतं. त्याच वेळी सोलणीच्या टेबलावर बसलेल्या बायकांच्या डोक्यात काय चाललंय, हे कोणी विचारत नाही. ते तुकड्यांच्या डब्यात मात्र दिसतं. हा परिणाम संशोधकांनी चक्क मोजला आहे, आणि सर्वात उपयोगी पुरावा आपल्याच देशातला आहे.

ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या कामगारांवर सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओ आणि फ्रँक शिल्बाख या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. मजुरी नगावर होती. काही जणांना कमावलेल्या मजुरीतला भाग आधी हातात दिला, काहींना नंतर. दर तोच, फक्त पैसे मिळण्याचा दिवस वेगळा. आधी पैसे मिळालेल्यांनी लगेच उधारी फेडली, घरात लागणारं सामान भरलं. त्यानंतर त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं आणि चुका कमी झाल्या. ज्यांची ओढाताण जास्त होती, त्यांच्यात फरकही जास्त दिसला.

कारण समजायला अवघड नाही. हातातलं काम करताना लागणारी माहिती मेंदू काही क्षण धरून ठेवतो, आणि ही क्षमता फार मर्यादित आहे. वाण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता, मुलाची फी यांचा हिशेब त्याच जागेत सुरू राहिला की कामाला उरलेलं लक्ष कमी पडतं. माणूस आळशी झालेला नसतो. अशा वेळी मुकादमाने आवाज चढवला तर काळजीत भरच पडते, आणि तुकडे वाढतात.

आता ४० कामगारांचा एक कारखाना घेऊ. मजुरी रोज ५०० रुपये धरली आणि महिन्याचे २६ दिवस, तर महिन्याला ५,२०,००० रुपये लागतात. ते पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला एकदम देण्याऐवजी पहिल्या पंधरवड्याची मजुरी त्याच महिन्याच्या १६ तारखेला द्यायची ठरवली, तर २,६०,००० रुपये सुमारे २१ दिवस आधी खर्ची पडतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर त्याची किंमत महिन्याला सुमारे १,८०० रुपये. कारखान्यातल्या बहुतेक बायका बचत गटात असतात. गटाच्या हप्त्याची तारीख विचारून घ्यावी आणि पंधरवड्याची मजुरी त्याच्या आधी पडेल असं पाहावं. मंदीत कमी खर्चात करण्याजोगी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली ४५ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण किती ते पाहिलं. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वात जास्त होता.

कोकण किनाऱ्याला हे नवीन वाटू नये. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, उत्पन्न थांबतं, तरी घरं त्या काळातून निघतात, कारण बंदी कधी लागणार आणि कधी उठणार हे आधीच माहीत असतं. याउलट ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क आधी २५ आणि तीन आठवड्यांत ५० टक्क्यांवर नेलं. कोळंबीसाठी तर अमेरिका हीच आपली सर्वात मोठी बाजारपेठ. असा निर्णय कधी मागे घेतला जाईल, हे कारखान्याचा मालक सांगू शकत नाही, आणि कामगारही ते मागत नाहीत. त्यांना हवी असते मालकाच्या हातातली माहिती: मजुरी कुठवर नक्की आहे, आणि पुढचं कधी कळेल.

ती नीट मांडलेली मालकाकडेही नसते, ही खरी अडचण. म्हणून आधी १३ आठवड्यांचं रोख पत्रक बनवावं. एका कागदावर १३ रकाने, वरच्या ओळीत हातातली रोख. येण्याच्या दोन ओळी वेगळ्या: खात्रीचं येणं आणि आशेवरचं येणं. जाण्यात मजुरी, वीज, बँकेचा हप्ता, कच्ची बी, वाहतूक. हिशेब फक्त खात्रीच्या येण्यावर करायचा. रोख नवव्या आठवड्यापर्यंत पुरत असेल, तर कामगारांना आठव्या आठवड्याच्या शेवटची तारीख सांगायची: ‘अमुक तारखेपर्यंत कोणालाही काढणार नाही.’ नुसतं ‘कोणालाही काढणार नाही’ असं म्हणू नये. तो शब्द मोडला की पुढचा एकही शब्द कोणी खरा मानत नाही. पत्रक दर सोमवारी पुढे सरकवावं.

सांगण्याची पद्धत किती फरक पाडते, हे जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने १९९० साली दाखवून दिलं. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एका ठिकाणी कंपनीच्या प्रमुखाने सुमारे दीड तास बसून आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे पाव तासात जुजबी सांगून विषय संपवला. कपात सारखीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोरी बरीच जास्त वाढली आणि नोकरी सोडणारेही जास्त निघाले.

म्हणून सभा मालकाने स्वतः घ्यावी, कामाच्या वेळेत, यंत्रं बंद ठेवून, त्या वेळेची मजुरी देऊन. मुकादम आणि सुपरवायझरला त्याच दिवशी सकाळी विश्वासात घ्यावं, नाहीतर कामगार त्यांनाच आधी विचारतात आणि ते ‘मला काय माहीत’ म्हणतात. सभेत सांगावं: गेल्या वर्षी या महिन्यात किती माल गेला, यंदा किती. काय ठरलं, काय अजून ठरायचं आहे. पुढची सभा कोणत्या तारखेला. निम्मा वेळ प्रश्नांसाठी. पुढच्या सभेला सांगण्यासारखं काही नसलं तरी ती घ्यावी. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे शनिवारी संध्याकाळी फळ्यावर नोटीस लावून निघून जाणं. रविवारभर वाडीत त्याच्यावर जे बोललं जातं, ते सोमवारी निस्तरता येत नाही.

प्रत्यक्ष खर्च कमी करायची वेळ येते तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: आधी ओव्हरटाइम आणि नवी भरती थांबवावी, मालकाने स्वतःची उचल कमी करावी, मग सगळ्यांचे दिवस कमी करावेत. रोजचा दर कापू नये. सुप्रीत कौर यांनी देशभरातल्या शेतमजुरीच्या अनेक दशकांच्या आकड्यांवरून दाखवलं आहे की चांगल्या पावसाच्या वर्षी दर चढतो, पण दुष्काळात खाली येत नाही, कारण दरकपात अन्यायाची आहे आणि तिने काम बिघडतं असं मजूर आणि मालक दोघंही मानतात. वर कायद्याचा किमान दर आहेच.

वरच्या ४० कामगारांच्या कारखान्यात मागणी पाचव्या हिश्शाने घटली, तर आठ जणांना काढून महिन्याला १,०४,००० रुपये वाचतात. सगळ्यांचे दिवस २६ऐवजी २१ केले तर १,००,००० वाचतात. फरक चार हजारांचा, आणि दुसऱ्या वाटेने चाळीसही जणी कामावर राहतात. जर्मनीने २००९च्या मंदीत हेच मोठ्या प्रमाणावर केलं: तास कमी, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के भरपाई सरकारी यंत्रणेतून. अर्थव्यवस्था ५ टक्क्यांहून जास्त आकसली, पण बेकारी फारशी वाढली नाही. आपल्याकडे ती भरपाई नाही. कामगाराचे अडीच हजार रुपये खरोखर जातात, म्हणून बंद दिवस निवडताना डोकं लावावं. लावणीचा आठवडा, गणपतीचे दिवस, भातकापणी, या वेळी अनेकजणी तशाही सुट्टी घेतात किंवा दुसरीकडे मजुरी मिळवू शकतात. बंद दिवस तिकडे ढकलले तर नुकसान बरंच कमी होतं.

कपात सगळ्यांना सारखी हवी. ब्रेझा, कौर आणि शमदासानी या अर्थशास्त्रज्ञांच्या ओडिशातल्याच दुसऱ्या प्रयोगात, शेजारी बसलेल्यांना वेगवेगळी रोजची मजुरी दिल्यावर हजेरी बरीच घटली. जास्त मजुरीवाल्याचं काम जास्त आहे हे उघड दिसत होतं, तिथे मात्र असा परिणाम झाला नाही. कोणाचे दिवस कमी करायचे नसतील, बॉयलर सांभाळणाऱ्याचे समजा, तर कारण सर्वांसमोर सांगावं.

एवढं करूनही माणसं कमी करावी लागली तर एकदाच करावीत. दर महिन्याला दोन-दोन जण काढले की प्रत्येकाला वाटतं, पुढचा नंबर माझा. मग हातात कसब असलेले आधी निघतात, कारण गोव्यातल्या हॉटेलांत किंवा मुंबईत त्यांनाच लवकर काम मिळतं. कायद्याने वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. कामाचे तास किंवा मजुरी बदलायची तर २१ दिवसांची लेखी नोटीस लागू शकते. तुमच्या कारखान्याला नेमकं काय लागू आहे, हे सभेच्या आधी सल्लागाराकडून तपासून घ्यावं. सगळी देणी शेवटच्या दिवशीच हातात द्यावीत. मागे राहिलेले ते बारकाईने पाहत असतात.

मागणी परत आली की कमी केलेले दिवस आधी पूर्ववत करावेत, मग काढलेल्यांना फोन करावा, आणि ओव्हरटाइम त्यानंतरच सुरू करावा. काढलेल्यांचे नंबर आणि त्यांच्या कामाची नोंद वहीत ठेवलेली असेल, तर नवी सोलणारी शिकवण्यात जाणारे आठवडे आणि त्या आठवड्यांतले तुकडे दोन्ही वाचतात.