तारेची लांबी, वजनावरून

मोटर, ट्रान्सफॉर्मर व चोक यांच्या वाइंडिंगची इनॅमल चढवलेली तांब्याची तार किलोवर विकली जाते. गुंडाळताना हिशोब मात्र वेढ्यांचा आणि मीटरचा. किलो आणि मीटर यांची सांगड घालावी लागते ती गणिताने. कोकणात आगरांतल्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करणारे कारागीर सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत: जळलेले वाइंडिंग कापून तराजूत टाकायचे आणि तेवढ्याच वजनाची, त्याच गेजची (जाडीच्या क्रमांकाची) तार आणायची. जुने वाइंडिंग अपुरे हाती आले किंवा गेज बदलायचे ठरले, की लांबी काढावीच लागते.

उघड्या तारेच्या व्यासाचा (मिमी) वर्ग करून त्याने १४३ ला भागले असता किलोमागे मीटर मिळतात. २४ गेजचा व्यास ०.५५९ मिमी, म्हणून सुमारे ४५८ मीटर. १४३ हा आकडा तांब्याच्या ८.८९ (ग्रॅम प्रति घन सेंमी) या घनतेवरून येतो. आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाने १९१३ मध्ये प्रमाण तांब्यासाठी २०° से.ला हीच घनता धरली. अलीकडचे तक्ते शुद्ध तांब्याला ८.९६ देतात. फरक जेमतेम पाऊण टक्क्याचा, इनॅमलच्या वजनाने होणाऱ्या चुकीपुढे तो नगण्य, तेव्हा ८.८९ सोडण्याचे कारण दिसत नाही.

खरा घोळ गेजचा. आकडा वाढतो तशी तार बारीक होते, कारण तो मुळात तार किती छिद्रांतून ओढली त्याची मोजणी असावा. हे स्पष्टीकरण बहुधा बरोबर आहे. ब्रिटनमध्ये एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) १८८४ मध्ये कायदेशीर झाले, आपल्याकडे तेच रुळले. अमेरिकी २४ गेज मात्र ०.५११ मिमीचे असते. तक्ता चुकून तो घेतला, तर उत्तर सुमारे वीस टक्के जास्त येते.

खाऱ्या हवेत कळंक चढलेल्या तारेचा व्यास भरवशाचा नसतो. अशा वेळी तारेचा रोध (ओहम) आणि वजन (ग्रॅम) यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून २.५५४ ने गुणावे. लांबी मीटरमध्ये मिळते, व्यास लागतच नाही. मात्र हे २०° से.चे सूत्र आहे. ३०° ला रोध सुमारे चार टक्के वाढलेला असल्याने लांबी दोन टक्के जास्त दिसते. शिवाय वजन करण्यापूर्वी वार्निश व कागद काढून टाकावे लागतात.

पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटरींच्या तारेवर पीव्हीसीचे जाड आवरण असते. तिथे नुसत्या वजनावरून काढलेली लांबी फसवी. ॲल्युमिनियमच्या तारेवर लाल इनॅमल असले तर डोळाही फसतो. पात्याने खरवडल्यावर आत पांढरी निघाली, की वरची दोन्ही सूत्रे बाद.