बखर, पत्र आणि छापील खंड

इतिहासाच्या प्रकल्पात ‘प्राथमिक साधने’ (त्या काळातलीच) आणि ‘दुय्यम साधने’ (मागाहून लिहिलेली) अशा दोन याद्या द्याव्या लागतात. मराठ्यांच्या इतिहासापुरती ही विभागणी वर्गात जन्मलेली नाही. ती जुन्या वादातून आली.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. साताऱ्यात ब्रिटिश अधिकारी असल्याने त्याला पुष्कळ कागद पाहायला मिळाले होते. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. पण डफला खोडायचे तर पुरावा हवा, आणि तो घरोघरच्या दफ्तरांत पडून होता. १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने बखरी आणि पत्रे छापायला घेतली. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतपूर्व काळातली पत्रे आहेत. बखरींवर त्यांनी प्रस्तावनेत इतके कठोर वार केले की ‘पत्र अस्सल, बखर संशयित’ हे समीकरणच रूढ झाले.

समीकरण सोयीचे आहे, पण अपुरे. शिवजन्माचा वाद घ्या. बखरींमुळे शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे वर्ष चालत आले होते. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींत, फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) निघाली आणि परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. आता ‘शिवभारत’ हे पत्र नव्हे, संस्कृत काव्य आहे. तरीही ते समकालीन असल्याने इथे त्याचे वजन चिटणीस बखरीहून जास्त. मल्हार रामराव चिटणीसांनी ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. शिवाजी महाराजांच्या काळासाठी ती दुय्यमच. मात्र सातारा दरबारात त्यांची आठवण कशी जपली जात होती, हा विषय घेतला तर तीच बखर प्राथमिक साधन ठरते. सभासद बखर मधे कुठेतरी बसते: लेखक शिवकाळातला, लेखन राजारामाच्या काळात जिंजीला. अशा साधनापुढे नुसते ‘प्राथमिक’ लिहून मोकळे होणे मला आळशीपणाचे वाटते.

छापील खंडांची गंमत निराळीच. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतले पत्र विद्यार्थी बिनदिक्कत प्राथमिक म्हणून देतो. मूळ कागद मोडीत. वाचन, पदच्छेद आणि मथळा संपादकाचा. शिवाय अशा पत्रांत पुष्कळदा ‘छ’ लिहून फक्त चांद्र तारीख आणि महिना असतो, साल नसतेच. ते संपादकाने मजकुरावरून ताडलेले असते. म्हणजे एकाच पानावर मजकूर प्राथमिक आणि माथ्यावरचे इसवी सन दुय्यम. आपला युक्तिवाद त्या सालावरच उभा असेल, तर निदान मागची-पुढची पत्रे वाचून ते पडताळायला हवे.