सद्गुण आणि पाप (कॅथलिक नीतिविचार)

सद्गुण आणि पाप या कॅथलिक नीतिविचारातील दोन मूलभूत संकल्पना होत. मराठीत ‘पाप’ म्हटले की पाठोपाठ ‘पुण्य’ येते आणि दोन्हींचा जमाखर्च मनात सुरू होतो. या विषयात शिरताना तो हिशेब आधी बाजूला ठेवावा लागतो. कॅथलिक विचारात पापासमोर उभी असते देवाची कृपा, आणि सद्गुणासमोर दुर्गुण. पाप एका क्षणी घडते : एखादे कृत्य, एखादा शब्द, मनात मुद्दाम घोळवलेला विचार किंवा टाळलेले कर्तव्य. सद्गुण आणि दुर्गुण या मात्र माणसात मुरलेल्या वृत्ती. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ सद्गुणाला चांगले करण्याकडे असलेला मनाचा सवयीचा आणि पक्का कल म्हणतो. आपल्याकडचा ‘अंगवळणी पडणे’ हा शब्दप्रयोग या कल्पनेच्या फार जवळ जातो. एकदा खरे बोलून कोणी सत्यवचनी होत नाही. खोटे बोलताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्यात तो गुण रुजलेला असतो.

विवेक, न्याय, धैर्य आणि संयम ही चौकडी ख्रिस्तपूर्व काळापासूनची आहे. प्लेटोच्या लेखनात ती आहे आणि कॅथलिक बायबलमधल्या ज्ञानग्रंथातही (८:७) ती येते. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी या गुणांना ‘कार्डिनल’ हे विशेषण लावले. लॅटिन ‘कार्डो’ म्हणजे दाराची बिजागरी. उरलेले नैतिक जीवन या चौघांवर फिरते. त्यांत विवेक पहिला, आणि परंपरेने त्याला इतर गुणांचा सारथी म्हटले आहे. दुखणे हाताबाहेर गेलेल्या माणसाला खरे सांगायचे ते कधी, कोणत्या शब्दांत, एकट्याला की मुलांसमोर, हे नुसत्या धैर्याला ठरवता येत नाही. तिथे विवेक लागतो. स्वतःचा फायदा अचूक हेरणारी चलाखीही व्यवहारात शहाणपण म्हणून खपते, पण मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) तिला विवेकाचे सोंग मानतात.

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन गुण निराळ्या जातीचे आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौलाने ते एकत्र सांगितले आणि प्रीती सर्वांत श्रेष्ठ ठरवली. हे गुण सरावाने कमावता येत नाहीत, देव ते कृपेने देतो, अशी शिकवण आहे. इथे अक्वायनस यांनी केलेला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. ॲरिस्टॉटलच्या मागोमाग ते मानतात की नैतिक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो : भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्यामध्ये धैर्य. ‘अति तिथे माती’ हे इथवर लागू पडते. प्रीतीला ते लागत नाही, कारण देवावर प्रमाणाबाहेर प्रेम करणे शक्यच नसते. शिवाय प्रीती नसेल तर बाकीचे गुण असूनही अपुरे राहतात.

पापाची सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांची आहे : शाश्वत नियमाविरुद्धची उक्ती, कृती किंवा इच्छा. त्यांनी स्वतःच्या सोळाव्या वर्षातली एक चोरी सांगितली आहे. रात्री मित्रांसोबत शेजारच्या झाडाची पेअर फळे त्यांनी झोडपून काढली. पोटात भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. थोडीफार खाऊन बाकीची डुकरांपुढे टाकली. अनेक वर्षांनी त्यांना छळत राहिले ते फळांचे मोल नव्हे. चुकीचे करण्यातलाच आनंद आपल्याला हवा होता आणि एकटे असतो तर हे केले नसते, ही जाणीव. पाप म्हणजे प्रेमाची दिशा चुकणे, हे त्या पानावर जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्याही व्याख्येत दिसत नाही.

पापाचे दोन प्रकार मानतात. प्राणघातक पापाने देवाशी असलेले नाते तुटते; क्षम्य पापाने ते दुखावते, पण टिकते. पहिल्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विषय गंभीर हवा, करणाऱ्याला त्याची पूर्ण जाणीव हवी आणि त्याने मनापासून संमती दिलेली हवी. व्यसन, धाक, अज्ञान यांनी दोष कमी होतो, क्वचित नाहीसाही होतो. आदिपाप या तिन्हींच्या कक्षेत बसत नाही, कारण ते वैयक्तिक कृत्य नसून माणूस जन्मतः ज्या दुभंगलेल्या अवस्थेत येतो तिचे नाव आहे.

दरवर्षी नांगरटीत शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरणारा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. एका वर्षाची वीत क्षुल्लक, म्हणून पापही क्षुल्लक, असे तो म्हणू शकेल. किरकोळ चोऱ्या मिळून कितीही मोठी रक्कम झाली तरी ती परत करण्याचे गंभीर बंधन नाही, असे मत एकेकाळी मांडले गेले होते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ते नाकारले. धर्मगुरूपुढे पाप सांगून या शेतकऱ्याची सुटका होत नाही. बांध मूळ जागी नेण्याची त्याची तयारी नसेल तर पश्चात्ताप खरा धरत नाहीत. क्षमा मिळते, पण शेजाऱ्याची जमीन शेजाऱ्याचीच राहते. पापनिवेदन म्हणजे पाप धुऊन पुन्हा करायची सोय, असा जो समज ऐकू येतो तो या एका अटीपुढे टिकत नाही.

‘सात महापापे’ हे नावही थोडे फसवे आहे. गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही खरे तर सात दुर्गुणांची यादी आहे. त्यांना लावले जाणारे ‘कॅपिटल’ हे विशेषण लॅटिन ‘कापुट’वरून आले. कापुट म्हणजे डोके. ज्यांच्यातून इतर पापे फुटतात ते हे मूळ दुर्गुण. यादीचा उगम वाळवंटात झाला. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या संन्याशांमध्ये राहणाऱ्या इव्हाग्रियस यांनी मनाला ग्रासणारे आठ विचार नोंदवले. योहान कॅसियन यांनी ते पश्चिमेकडे नेले आणि पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) यांनी त्यांची फेरमांडणी करून गर्वाला सर्वांचे मूळ ठरवले. आपल्या षड्रिपूंशी तुलना सहज सुचते : काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच जुळतात. मोहाला तिकडे स्वतंत्र जागा नाही आणि इकडे खादाडपणा व आळस नाहीत.

त्यातला ‘आळस’ हा शब्द तर मूळ ‘अकेडिया’चा अर्थ पुरता पोहोचवतच नाही. इव्हाग्रियस यांनी तिला दुपारचे भूत म्हटले आहे. ऊन माथ्यावर येते, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन सूर्य किती कलला ते पाहतो, जेवणाचा नववा तास (दुपारी तीनचा सुमार) अजून किती दूर आहे ते मोजतो. मग राहती जागा नकोशी होते, सोबती प्रेमशून्य वाटतात, दुसरीकडे गेलो तर सारे सुरळीत होईल असे वाटू लागते. अंग मोडून काम करणाऱ्यालाही हे ग्रासू शकते. चांगल्या गोष्टीचाच वीट येणे, असे तिचे वर्णन करावे लागेल.

मत्सरातून फुटणाऱ्या पापांत निंदा येते, आणि इथे शिकवण बरीच कडक आहे. एखाद्याविषयी खोटी कंडी पिकवणे हे पाप आहेच. पण त्याचा खरा दोषही सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांना सांगणे हेही पाप आहे. गेलेले नाव भरून देण्याचे बंधन बांधाइतकेच लागू होते.

सुरुवातीच्या शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे, आणि तेही आयुष्यात एकदाच. खासगीत, पुन्हा पुन्हा करायचे पापनिवेदन आयर्लंडच्या मठवासीयांनी युरोपभर नेले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने, ते वर्षातून एकदा तरी बंधनकारक केले आणि १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने प्राणघातक पापे प्रकार व संख्येसह सांगावीत असे ठरवले. यातून पापांची बारीक वर्गवारी करणारे ग्रंथ निपजले आणि नीतिशास्त्र हळूहळू बंधनांचे शास्त्र झाले. सद्गुण मागे पडले. कडक आणि सैल मतांमधून संत अल्फॉन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांनी मधली वाट काढली. विसाव्या शतकात डॉमिनिकन संघातले बेल्जियन धर्मगुरू सर्व्हे पिंकेअर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी अक्वायनस यांच्या सद्गुणविचाराला पुन्हा मध्यभागी आणले.

मराठीत हा विचार चार शतकांपूर्वी आला. १५७९ साली गोव्यात उतरलेले जेझुइट संघातले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. आदामाचे पतन सांगताना त्यांनी शब्द घेतले ते इथल्याच भाषेतले, आणि त्या शब्दांसोबत त्यांचे जुने अर्थही आले. गोव्यात पापनिवेदनाला पोर्तुगीजवरून आलेला ‘कुमसार’ हा शब्द आजही चालतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) दोन बदल झाले. एक, समाजरचनेत गोठलेल्या अन्यायाला पापाची भाषा लागू झाली. १९८४ मधल्या आपल्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी मात्र बजावले की असे सामाजिक पाप हे अनेक माणसांच्या वैयक्तिक पापांचे साचलेले फळ असते, आणि त्यात अन्याय थांबवू शकत असूनही भीतीने किंवा सोयीसाठी गप्प बसलेल्यांचाही वाटा असतो. दुसरा बदल अवघ्या एका शब्दाचा. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेच्या, आरंभी छाती बडवत म्हणायच्या कबुलीत पूर्वी विचार, शब्द आणि कृती एवढीच पापे होती. १९७० च्या मिस्साग्रंथाने त्यात चौथे जोडले : जे करायला हवे होते आणि केले नाही ते. वसईच्या वाड्यांतल्या चर्चमध्ये ती कबुली दर रविवारी मराठीत म्हटली जाते.