कामावर अपघात झाला तर भरपाईचा दावा कुठे आणि कसा करायचा

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, "काय झालं?" आणि उत्तर केसपेपरवर एका ओळीत उतरवतात. भरपाईचं बरंचसं त्या ओळीवर ठरतं. "कामावर असताना पॉवर प्रेसमध्ये बोट सापडले" असं लिहिलं गेलं तर पुढचं काम सोपं. "घरी दारात बोट चेमटले" असं लिहिलं गेलं तर नंतर साक्षीदार शोधत फिरावं लागतं. युनियनच्या कचेरीत दुसऱ्या प्रकारचे केसपेपर मी बरेच पाहिलेत. सोबत आलेला सुपरवायझर रिक्षातच सांगतो, "घरी लागलं म्हण, दवाखान्याचं आम्ही बघतो." टाके निघेपर्यंत बघतातही. म्हणून जखमी माणसासोबत आपल्यातला एक जण जाऊ द्या आणि तारीख, वेळ, मशीन आणि "कामावर असताना" हे चारही लिहून घ्या. मोठी जखम असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगा.

आता दावा कुठे करायचा? त्यासाठी आधी पगाराची स्लिप काढा. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसत असेल तर दावा राज्य विमा महामंडळाकडे. नसेल तर कर्मचारी भरपाईचा दावा मालकाविरुद्ध. दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

ईएसआयची पात्रता सोपी आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन (अपंग कामगारांसाठी २५,०००). कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणाच्या लाभाला ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, अपघाताच्या लाभाला लागत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही धरला जातो, मात्र वेळ आणि रस्ता यांचा कामाशी संबंध जुळला पाहिजे.

प्रक्रिया अशी. अपघात झाल्याबरोबर मालकाला कळवा. तोंडी चालतं, पण मी म्हणेन दोन ओळी लिहून द्या आणि पोच घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी पाठवा. कारखान्यातल्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते बघा. मालकाने अपघात अहवाल, म्हणजे फॉर्म १२, ईएसआयकडे पाठवायचा असतो. गाडी इथेच अडते, कारण अहवाल गेला की कारखान्याची चौकशी होऊ शकते. मालक टाळाटाळ करत असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या, सोबत केसपेपरची झेरॉक्स जोडा. विमा दवाखान्याचं प्रमाणपत्र, ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार आणि बँक पासबुक लागतं. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालं असेल तर बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. अवयव कायमचा निकामी झाला तर वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे येतात. टक्केवारी कमी वाटली तर अपील आहे. ते मुदतीत करा.

ईएसआय नसेल तर १९२३ पासून चालत आलेला भरपाईचा कायदा. तो आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. हिशोबाची रीत तीच आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, आणि त्याला वयाच्या गुणकाने, म्हणजे कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेल्या आकड्याने, गुणायचं. २०२० च्या अधिसूचनेनुसार पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. वय जितकं कमी तितका गुणक मोठा.

कागदावर मांडून बघू. वय ३०, पगार १८,०००, उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. धरायचा पगार १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनीची किंमत १४ टक्के आहे, म्हणून भरपाई सुमारे २,६२,०५५ रुपये. तर्जनीचं एकच पेर गेलं तर ९ टक्के, पूर्ण अंगठा गेला तर ३०. हा आकडा माहीत नसतो म्हणून माणसं पंचवीस-तीस हजारांवर सही करतात.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. गावाकडच्या विधवेला कारखान्याच्या शहरात खेपा घालायची गरज नाही, हे फार कमी कुटुंबांना ठाऊक असतं. आपल्या जिल्ह्यात हे दावे ऐकण्याचं काम कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. सोबत केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाची टक्केवारी सांगणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, पगाराचा पुरावा आणि मालकाला पाठवलेल्या नोटिशीची पोच जोडा. मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, पोस्टमॉर्टेम अहवाल, एफआयआर किंवा पंचनामा आणि वारसांचे कागद. पगार रोख मिळत असेल तर हजेरी कार्ड, गेटपास, मुकादमाचे मेसेज, सोबत्यांची साक्ष, जे असेल ते लावा.

ठेकेदाराचा कामगार असाल तर ठेकेदारासोबत मूळ कंपनीलाही पक्षकार करा. तिच्या कामासाठीच राबत होता, म्हणून भरपाई तिच्याकडूनही मागता येते. ठेकेदार उद्या फोन बंद करेल, कंपनीचं गेट जागेवरच असतं.

मालक दोन गोष्टी पुढे करतो. दारू प्यायला होता, किंवा मशीनचं गार्ड त्याने मुद्दाम काढलं होतं. हा बचाव छोट्या जखमेत चालू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर चालत नाही. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण पटलं नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

वकील परवडत नसेल तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो, त्यासाठी फक्त लेखी अधिकारपत्र द्यायचं. साक्ष मात्र स्वतःच द्यावी लागते. आणि मृत्यूच्या प्रकरणात मालक थेट घरी रोख घेऊन आला तर ती भरपाई धरली जात नाही. रक्कम दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करून तिथूनच वारसांना वाटायची असते. तेव्हा घरी कोणी कागद घेऊन आला तर सही करण्याआधी युनियनच्या कचेरीत फोन करा.