विटांच्या चिमणीच्या दरजा भरून घेताना खर्च कशाचा होतो

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

चिमणीच्या विटांमधला मसाला झडू लागला की आपण आम्हाला फोन करता, आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पॉइंटिंगचा, म्हणजे विटांमधल्या फटी (दरजा) कोरून पुन्हा भरण्याचा, ब्रासला (शंभर चौरस फुटांना) भाव काय? प्रश्न रास्त आहे, कारण गिलावा आणि फरशी यांचे भाव आपण याच पद्धतीने विचारत आणि देत आलो आहोत. तरीही आम्ही चिमणीचा भाव फोनवर सांगत नाही आणि त्यामुळे काही ग्राहकांना ती टाळाटाळ वाटते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले, शहरातल्या लाकडी भट्टीच्या बेकऱ्या आणि भंडारा-गोंदियाकडच्या लहान भातगिरण्या अशा तिन्ही ठिकाणांहून आम्हाला हाच प्रश्न येतो, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून द्यावे असे वाटले.

प्रथम हिशेब पाहू. अडीच फूट बाजूची चौकोनी चिमणी छपरावर बारा फूट उभी आहे असे धरा. चारही बाजूंचा घेर दहा फूट, म्हणजे एकूण पृष्ठभाग १२० चौरस फूट, अर्थात सव्वा ब्रासपेक्षाही थोडा कमी. कागदावर हे काम अगदी किरकोळ दिसते. परंतु नऊ इंची विटांच्या भिंतीत एका चौरस फुटात आडव्या आणि उभ्या मिळून सुमारे साडेचार फूट लांबीच्या दरजा येतात, म्हणजे या एका चिमणीवर सुमारे ५४० फूट लांबीची दरज हाताने कोरून, साफ करून, भिजवून पुन्हा भरायची असते. तिची रुंदी साधारण १० मिलिमीटर आणि कोरण्याची खोली २५ मिलिमीटर धरली, तर तिच्यात बसणारा मसाला जेमतेम दीड घनफूट होतो. थोडा वाया गेला तरी दोन घमेल्यांचा फरक पडेल. तेव्हा चुना आणि रेती किती महाग झाली, यावर या कामाचा खर्च फारसा हलत नाही. पैसा लागतो तो कोरण्याच्या मजुरीला आणि उंचीवर उभे राहण्याच्या सोयीला. एक कुशल कारागीर आणि एक मदतनीस मिळून, चिमणी बरी असेल तर, दिवसाला पंचवीस ते चाळीस चौरस फूट काम नीट करतात. त्यापेक्षा पुष्कळ जास्त काम एका दिवसात झाले असे कोणी सांगितले, तर दरजा किती खोल कोरल्या हे अवश्य विचारावे.

दुसरा मोठा खर्च परांचीचा. उतरत्या कौलारू छपरावर उभ्या असलेल्या चिमणीभोवती बल्ल्या आणि फळ्यांची परांची बांधताना खालची कौले फुटू नयेत म्हणून वजन भिंतींवर घ्यावे लागते, आणि हे बांधकाम उभारण्या-उतरवण्यातच दोन दिवस जाऊ शकतात. सपाट गच्चीवर हेच काम अर्ध्या दिवसात होते. म्हणून एकाच मापाच्या दोन चिमण्यांच्या दरपत्रकांत मोठा फरक पडू शकतो आणि तो फरक कारागिरीचा नसून जागेचा असतो. शिडी लावून काम करून द्या, परांचीचे पैसे वाचतील, असे सुचवले जाते. शिडीवर उभ्या माणसाचा एक हात शिडी धरण्यात गुंतलेला असतो आणि छिन्नी-हातोडीला दोन हात लागतात. आम्ही शिडीवरून हे काम करत नाही आणि या बाबतीत आमच्याकडे सवलत मिळणार नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे आपला खर्च सर्वांत जास्त वाढतो आणि आमचा वेळ सर्वांत जास्त जातो, तिच्याकडे वळतो. मे महिन्याच्या शेवटी, मृग लागण्याआधी, घाईघाईने कोणाला तरी वर चढवून उघड्या दरजांवर सिमेंट ओढून घेतले जाते. जुना मसाला कोरलेला नसतो, विटा झाडलेल्याही नसतात. पातळ सिमेंट थापीने दरजेवर आणि दोन्ही बाजूंच्या विटांवर पसरले जाते. त्या दिवशी चिमणी नवीन दिसते, एक पावसाळा कदाचित निघूनही जातो, आणि दोन-तीन वर्षांनी आम्हाला बोलावले जाते तेव्हा दुरुस्ती दरजांची राहिलेली नसते, विटांची झालेली असते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतात पोर्टलंड सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या भागात विटांचे बांधकाम चुन्यातच होत राहिले. त्या काळची वीट आजच्या मानाने मऊ आणि पाणी शोषणारी आहे. भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या दरजेतून हळूहळू बाहेर पडून वाळते. झिजायचे ते दरजेने झिजावे आणि वीट शाबूत राहावी, अशीच ही रचना आहे. दरजेवर सिमेंटचा घट्ट थर बसला की पाण्याची ती वाट बंद होते, पण पाणी शिरायचे थांबत नाही. ते माथ्यावरच्या भेगांतून शिरते, सिमेंट आणि वीट यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून शिरते, आणि चिमणीच्या बाबतीत आतूनही येते, कारण लाकडाच्या धुरातली वाफ वरच्या थंड भागात पोहोचली की आतल्या बाजूला पाणी होऊन बसते. हे सगळे पाणी मग विटेच्या तोंडातून बाहेर निघू पाहते. सोबत आणलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाच्या आत साचतात, फुगतात आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा उडवून लावतात. त्यातच भट्टी रोज तापते आणि रोज निवते. चुना एवढी हालचाल सोसतो, ताठर सिमेंट सोसत नाही. ते विटेच्या कडेने सुटते आणि पाण्याला आणखी एक फट मिळते.

असे सिमेंट काढताना जे दिसते ते आम्ही ग्राहकांना बोलावून दाखवतो. छिन्नीने टोक उचलले की सिमेंटची वीतभर लांब पट्टी एकसंध निघून येते. तिची पाठ लाल असते, कारण विटेची भाजलेली कातडी तिच्यासोबत सोलून आलेली असते. मागे राहिलेला चुना पावसाळा उलटून महिना झाला तरी बोटाला ओलसर लागतो आणि चिमटीत धरला तर पीठ होतो. कातडी गेलेली ती वीट आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषणार असते. निव्वळ झिजलेला चुना कोरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ हे सिमेंट विटा न फोडता काढायला लागतो, आणि तरीही काही विटा बदलाव्याच लागतात. म्हणजे त्या मे महिन्यात वाचवलेले पैसे पुढच्या दरपत्रकात कोरणीच्या मजुरीवर आणि नव्या विटांवर पुन्हा द्यावे लागतात. वॉटरप्रूफ रंग लावल्यानेही हेच घडते.

यासाठी आमची कळकळीची विनंती आहे की पावसाळा तोंडावर आला असेल आणि दरजा उघड्या असतील, तर त्यांना हात लावू नये. चिमणी वापरात नसेल तर तिच्या तोंडावर पत्रा ठेवून बाजूंनी हवा खेळू द्यावी, पावसाच्या झडीची बाजू ताडपत्रीने बांधून घ्यावी आणि काम दसरा-दिवाळीनंतर काढावे. चिमणी वापरात असेल तर ताडपत्री बांधू नये, केवळ छपराला चिमणी जिथे मिळते तिथली गळती थांबवावी. उघडी चुन्याची दरज एका पावसाळ्यात थोडी आणखी झिजेल, आणि ती आम्हाला नाहीतरी कोरायचीच आहे.

दरजा कोरण्यासाठी आम्ही मुख्यतः छिन्नी-हातोडी वापरतो. कटर मशीन लावले तर आडव्या दरजांचे काम लवकर उरकते हे खरे आहे, परंतु उभी दरज जेमतेम तीन इंच असते आणि मशीनची गोल पाती तेवढ्यात थांबत नाही. ती वरच्या आणि खालच्या विटेत खाच पाडून जाते. तसे कापलेले काम लांबूनही ओळखू येते. त्यामुळे आमची मजुरी थोडी जास्त दिसते आणि ती आम्ही कमी करत नाही.

मसाला चिमणीच्या वयाप्रमाणे ठरतो. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, त्या काळापासून पुढच्या पन्नास-साठ वर्षांतल्या बांधकामांसाठी आम्ही कळीचा चुना विरवून, त्यात एक भाग चुन्याला एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) आणि दोन भाग कन्हान नदीची चाळलेली रेती असे मिश्रण वापरतो. नंतरच्या, सिमेंटमध्येच बांधलेल्या चिमण्यांसाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती पुरेशी होते. विटेपेक्षा मसाला कधीही कठीण नसावा, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. भट्टीच्या तोंडाजवळचा, प्रत्यक्ष आगीला लागून असलेला भाग अग्निविटा आणि फायर क्लेचा असतो. त्याचे काम आणि दर वेगळे आहेत.

प्रत्येक चिमणीच्या दरजा भरायलाच हव्यात असेही नाही. माथ्याजवळचे चार-पाच थर हाताने हलवल्यावर हलत असतील, तर ते उतरवून त्याच विटांत पुन्हा बांधणे हे दरजा भरण्यापेक्षा स्वस्त पडते आणि जास्त टिकते, कारण सुट्या विटेभोवती भरलेली नवी दरज धरून राहत नाही. चिमणी ओळंब्यात नसेल, म्हणजे एका बाजूला झुकली असेल, तर आधी झुकण्याचे कारण शोधावे लागते. सिमेंटच्या मसाल्यावर धुरातले गंधकाचे क्षार आणि ओल यांचा परिणाम होऊन मसाला फुगतो आणि पावसाची बाजू जास्त ओली राहिल्याने तीच जास्त वाढते, म्हणून चिमणी विरुद्ध बाजूला कलते. अशा चिमणीवर केवळ पॉइंटिंगचे पैसे घेणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आम्हाला बोलावण्यापूर्वी आपण स्वतः एक तपासणी करू शकता. गच्चीवरून हात पोहोचेल तिथे दरजेत साधा खिळा दाबून पाहावा. तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला किंवा मसाला भुकटी होऊन गळला, तर काम काढण्याची वेळ झाली आहे. नुसता ओरखडा उठत असेल तर अजून काही वर्षे घाई करण्याचे कारण नाही, आणि तसे असेल तर आम्हीही पाहणीनंतर तसेच सांगू. मात्र चिमणी घराच्या किंवा दुकानाच्या आतून वर जात असेल आणि आतल्या बाजूला दरजांच्या रेषेत काजळीचे डाग दिसत असतील, तर ती ताबडतोब बंद करावी. त्या फटीतून धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो, त्याला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम. नागपूरचे ऊन आपल्याला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. तशा उन्हात तापलेली वीट मसाल्यातले पाणी क्षणात ओढून घेते आणि दरज धरण्याआधीच सुकून भुसभुशीत होते. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर आम्ही पहाटे सुरुवात करून नऊ-साडेनऊला थांबतो आणि ओले गोणपाट बांधून ठेवतो. दिवस वाढतात, म्हणून मजुरीही वाढते. कोणत्याही ऋतूत भरलेल्या दरजांवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. बेकरीच्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या सात दिवसांत भट्टी पेटवता येत नाही आणि त्यानंतरही पहिले दोन-तीन दिवस थोडाच जाळ ठेवावा लागतो. नाताळच्या तोंडावर काम काढल्यास आपलेच नुकसान होईल, तेव्हा नोव्हेंबरची तारीख आधीच ठरवून घ्यावी.

पाहणीसाठी आम्ही शुल्क घेतो आणि काम आम्हाला दिल्यास ते बिलातून वजा करतो. एक माणूस वर चढतो, चारही बाजूंना खिळा लावून पाहतो, माथा तपासतो, फोटो काढतो आणि मगच दरपत्रक लिहिले जाते. यात अर्धा दिवस जातो. दरपत्रकात परांची, कोरणी, भरणी, बदलायच्या विटा, पाणी मारणे आणि मलबा उचलणे हे वेगवेगळे लिहिलेले असते, १८ टक्के जीएसटी स्वतंत्र दाखवलेला असतो. दुसऱ्या कोणाकडूनही दर मागवावेत, आमची त्याला हरकत नाही. फक्त त्यांच्याकडूनही कोरण्याची खोली आणि मसाल्याचे प्रमाण लेखी घ्यावे, म्हणजे दोन आकड्यांची तुलना खऱ्या अर्थाने करता येईल. नुसते 'पॉइंटिंग करून देणे' असे लिहिलेल्या कागदावर वरून ओढलेले सिमेंटही पॉइंटिंगच ठरते.

चाळीस फुटांपेक्षा उंच कारखानी चिमण्या आणि वीटभट्टीच्या चिमण्या आम्ही घेत नाही. बाकी कामांसाठी फोन करताना चिमणीची अंदाजे उंची, छप्पर कौलारू की सपाट, चिमणी वापरात आहे की बंद, आणि पूर्वी तिच्यावर सिमेंट किंवा रंग लावला आहे का, एवढे सांगितले तर पाहणीची वेळ त्याच फोनवर ठरवता येते. पाहणीच्या दिवशी भट्टी किंवा शेगडी आदल्या रात्रीपासून विझवलेली असावी.